ढिशुम कोणी केलं?

हीरोनं गुंडाला ठोसा मारला. ढिशुम! गुंड दोन कोलांट्या खाऊन थेट भाजीच्या हातगाडीवर आपटला. आता सांगा बरं, हा ढिशुम आला कुठून?

हीरोच्या मुठीतून, असं म्हणत असाल तर साफ चूक. त्याची मूठ गुंडाच्या गालाला लागलेलीच नसते, चांगली वीतभर लांबून गेलेली असते. मधली फट दिसू नये अशा बाजूला कॅमेरा ठेवलेला असतो, एवढंच. आणि समजा खरोखर लागली असती, तरी आवाज झाला असता जेमतेम ‘थप्’. खरा ठोसा फार मिळमिळीत वाजतो. (भावंडांवर प्रयोग करून खात्री करून घेऊ नका. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.) तो दणदणीत ढिशुम नंतर एका बंद खोलीत कोणीतरी वेगळा तयार केलेला असतो. कोबीच्या गड्ड्यावर बुक्की हाणायची, चामड्याची गादी बडवायची, आणि असे दोन-तीन आवाज एकावर एक चढवायचे.

गंमत म्हणजे आपल्याला कधी शंकाही येत नाही. पडद्यावर मूठ हलली आणि त्याच क्षणी कानावर दणका पडला, की मेंदू दोघांची गाठ मारून मोकळा होतो. ओठ हलले आणि शब्द ऐकू आले, म्हणजे तोच माणूस बोलला! सिनेमाचा निम्मा डोलारा मेंदूच्या या भोळेपणावर उभा आहे.

सुरुवातीला मात्र डोलारा वगैरे काही नव्हता, कारण सिनेमा बोलतच नव्हता. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लागला, तेव्हा पडद्यावरचा राजा नुसतेच हातवारे करत होता. पुढची अठरा वर्षं आपले चित्रपट मुकेच राहिले. मग १४ मार्च १९३१ या दिवशी, पुन्हा गिरगावातच, मॅजेस्टिक थिएटरात अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ झळकला. भारतातला पहिला बोलपट. नुसता बोलका नव्हे, गाताही. त्यात सात गाणी होती.

हा चित्रपट चित्रित कसा झाला, ते ऐकण्यासारखं आहे. स्टुडिओ होता मुंबईत, रेल्वेच्या रुळांजवळ. मूकपट काढताना या रुळांचं कोणाला काही वाटलं नव्हतं. खुशाल गाड्या धडधडत जाऊ देत, कॅमेऱ्याला कान कुठे असतात? पण माइक आला आणि पंचाईत झाली. राजकन्या हळुवार काही बोलतेय आणि मागून आगगाडी शिट्टी मारतेय, हे कसं चालायचं? आवाज बाहेरच्या बाहेर अडवणाऱ्या भिंती तेव्हा नव्हत्या. मग इराणींनी साधा, सरळ उपाय काढला : गाड्या झोपल्या की आपण जागायचं. बरंचसं चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या बंद असतात त्या दोन-तीन तासांत झालं. माइक कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून इकडेतिकडे लपवायचे. आधी गाणं ध्वनिमुद्रित करून मग त्यावर ओठ हलवायचे, ही युक्ती अजून आलेली नव्हती. नट तिथेच गायचा आणि वादकांनाही कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून तिथेच वाजवावं लागायचं. एकानं जरी चूक केली, की पहिल्यापासून!

कारण चित्र आणि आवाज तेव्हा एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटत होते. आवाज फिल्मवर कसा उमटेल, असा प्रश्न पडला ना? पडायलाच हवा.

आवाज म्हणजे हवेची थरथर. माइकमध्ये एक नाजूक पडदा असतो, तो या थरथरीबरोबर हलतो आणि तिची विजेची थरथर बनवतो. ही वीज एका प्रकाशझोताला ताब्यात घेते : आवाज जसा कमीजास्त होईल, तसा झोतही कमीजास्त. तो झोत धावत्या फिल्मच्या कडेवर पडतो आणि तिथे जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीची एक पट्टी उमटते. कुठे काळसर, कुठे पारदर्शक. थिएटरात सगळं उलट्या क्रमानं होतं. दिव्याचा प्रकाश त्या पट्टीतून आरपार जातो, तिच्यामुळे कमीजास्त होतो, प्रकाशाची वीज होते आणि विजेची स्पीकरमध्ये पुन्हा थरथर. म्हणजे जुन्या सिनेमातलं गाणं चक्क उजेडानं लिहिलेलं असायचं आणि उजेडानंच वाचलं जायचं!

आणखी एक मजा. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवायचे, त्यामुळे फिल्मचा वेग थोडा इकडेतिकडे व्हायचा. डोळे असल्या गोष्टीला माफ करतात. कान अजिबात करत नाहीत. वेग जरा वाढला की आवाज चिरका, जरा कमी झाला की घोगरा. म्हणून बोलपट आल्यावर वेग पक्का ठरवावा लागला : सेकंदाला २४ चित्रं. सेकंदाला साधारण ४५ सेंटिमीटर फिल्म सरकणार, ना कमी ना जास्त. आजही चित्रपट बहुतेक याच वेगानं काढतात. चित्रांचा हा वेग ठरला तो कानांमुळे.

‘आलम आरा’ आता पाहायला मिळत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. भारतीय चित्रपटाच्या तोंडून निघालेले पहिले शब्द आपण ऐकूच शकत नाही, याची मला फार चुटपुट लागते. आपलं नशीब एवढंच, की पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापुरात प्रभात कंपनीनं काढलेला ‘अयोध्येचा राजा’ शाबूत आहे. तो पहिला मराठी बोलपट. त्याचं ध्वनिमुद्रण सांभाळलं विष्णुपंत दामल्यांनी. हे बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले गृहस्थ. आवाजाचं यंत्र शिकवणारी शाळा तेव्हा कुठली असायला? यंत्र समोर आलं, ते समजून घेतलं आणि वापरलं.

पाच वर्षांनी याच प्रभातनं एक धाडस केलं. ‘कुंकू’ या १९३७ च्या चित्रपटात व्ही. शांतारामांनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. दुःखाच्या प्रसंगी व्हायोलिन नाही की भीतीच्या प्रसंगी ढोल नाही. घरात, रस्त्यावर जे आवाज सहज होतात, तेवढेच. आज कोणत्याही मालिकेत सासूनं नुसती मान वळवली तरी तीनदा ‘धुम् धुम् धुम्’ होतं. तेव्हा मला हटकून ‘कुंकू’ आठवतो.

पण सेटवर पकडलेल्या या खऱ्याखुऱ्या आवाजाला पुढे वाईट दिवस आले, आणि त्यात कॅमेऱ्याचाही हात होता. आपल्याकडे स्टुडिओबाहेर, डोंगरदऱ्यांत, रस्त्यांवर चित्रीकरण वाढलं. त्यासाठी हलके, उचलून नेता येतील असे कॅमेरे वापरात आले. त्यांतले बरेचसे चालू केले, की शेजारी कोणी शिलाई मशीन चालवतंय असा खडखडाट करायचे. त्यात भोवती बघ्यांची ही गर्दी. त्यामुळे सगळ्यांनी सोपा मार्ग धरला : सेटवरचा आवाज फक्त आठवणीपुरता घ्यायचा आणि नंतर स्टुडिओत बसून सगळे संवाद पुन्हा बोलायचे. हेच ते डबिंग. फिल्मच्या छोट्या तुकड्याची टोकं जोडून त्याचं एक कडं करायचे. तेच दृश्य पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरत राहायचं आणि नट आपल्याच ओठांकडे टक लावून, ते जुळेपर्यंत तेच वाक्य म्हणत राहायचा. कधीकधी तर आवाज नटाचाही नसायचा. ‘आखरी रास्ता’मध्ये पडद्यावर श्रीदेवी दिसते, पण ऐकू येते ती रेखा!

डबिंगची एक मोठी गोची अशी, की सहा महिन्यांपूर्वी भर पावसात, धापा टाकत म्हटलेलं वाक्य गार खोलीत उभं राहून पुन्हा तसंच म्हणायचं असतं. कसलेल्या नटालाही ते दर वेळी साधत नाही. दुसरी गोची भिंतींची. न्हाणीघरात तुमचा आवाज घुमतो, मैदानात घुमत नाही, कारण फरशीवरून आवाज परत येतो आणि मैदानात तो निघून जातो. डबिंगच्या खोलीच्या भिंती मऊ अस्तराच्या असतात, त्या आवाज गिळून टाकतात. म्हणजे तिथे बोललेलं वाक्य ना मैदानातलं ना न्हाणीघरातलं, कुठलंच नसतं. त्याला नंतर त्या-त्या जागेचा घुमारा चढवावा लागतो. तो नीट चढला नाही, तर नट विहिरीच्या काठावर असतो आणि आवाज कपाटातून येतो.

म्हणून काही दिग्दर्शकांनी पुन्हा सेटवरचाच आवाज धरायचं ठरवलं. त्याला सिंक साउंड म्हणतात. २००१ सालचा ‘लगान’ असा होता. कच्छमध्ये, भूजजवळ, उघड्या माळरानावर गावकऱ्यांचा घोळका उभा करून तिथल्या तिथे संवाद पकडले होते. त्या वर्षीचा ध्वनीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला.

हे काम का अवघड आहे, ते तुम्हाला घरबसल्या कळेल. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा, दोन मीटर लांब उभं राहून चार वाक्यं बोला आणि मग कानाला हेडफोन लावून ऐका. अरेच्चा! पंखा किती घरघरतोय! बाहेर रिक्षा, शेजारी कुकर, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवतंय. बोलताना हे सगळं कुठे होतं? होतं तिथेच. तुमच्या मेंदूनं ते बाजूला सारलं होतं. आपल्याला हवं तेवढंच ऐकायची कला मेंदूला येते, माइकला येत नाही. तो जे कानी पडेल ते इमानेइतबारे लिहून घेतो.

आता असा माइक घेऊन भारतातल्या एखाद्या गल्लीत चित्रपट करायचा! साउंड रेकॉर्डिस्ट सेटवर पोचला की आधी पंखे बंद करायला लावतो. उन्हाळा असो की काही असो. मग फ्रिज बंद. (तो पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून काही जण आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवतात. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे आठवण राहतेच.) दिव्यांना वीज पुरवणारा जनरेटर लांबच्या कोपऱ्यावर. शेजारच्या काकूंना मिक्सर पाच मिनिटं थांबवायची विनंती. नटांच्या चपलांना खालून नमद्याचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे पावलं वाजत नाहीत.

आणि कपडे! संवाद पकडायला नटांच्या कपड्यांत शेंगदाण्याएवढा माइक लपवतात. नवी कोरी, कडक काठपदराची साडी असेल, तर प्रत्येक हालचालीला त्यात खसखस. मंगळसूत्राची वाटी माइकवर आपटली की टक्. काचेच्या बांगड्या तर विचारूच नका. आई लेकराच्या डोक्यावरून हात फिरवतेय आणि रेकॉर्डिस्टच्या हेडफोनमध्ये नुसता किणकिणाट. वेशभूषा करणारे आणि आवाज पकडणारे यांचं सेटवर फारसं पटत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

दुसरा माइक असतो लांब दांड्याच्या टोकाला. त्याला बूम म्हणतात. तो नटाच्या डोक्यावर, पण चित्राच्या चौकटीच्या जरासा बाहेर धरायचा. जवळ का? अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारी आवाजाची ऊर्जा निम्मी नाही, एक चतुर्थांश होते. म्हणून बूम धरणारा इंचाइंचानं पुढे सरकतो आणि कॅमेरामन ‘बूम दिसतोय!’ म्हणून ओरडतो. नट चालू लागला की यानंही चालायचं, दांडा डोक्यावर उचलून, पाय न वाजवता. घरी झाडूच्या टोकाला पाण्याची बाटली बांधून पाच मिनिटं डोक्यावर आडवी धरून बघा. मग बोलू.

पण सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कावळा. का, ते बघा. एकच संभाषण तुकड्यातुकड्यांत चित्रित होतं : आधी आजोबांचा चेहरा, मग नातीचा. आजोबांच्या वाक्याच्या शेवटी कावळ्यानं ‘काऽ’ सुरू केलं आणि तिथेच तुकडा संपला, तर काय होईल? नातीचा चेहरा येताच कावळा अर्ध्या ‘का’वर गायब! विमानाचं तसंच. आजोबा बोलतात तेव्हा आकाशात विमान घरघरतंय, नात बोलते तेव्हा नाही, पुन्हा आजोबा, पुन्हा विमान. प्रेक्षक गोष्ट सोडून विमानच शोधत बसेल. म्हणून विमान जाईपर्यंत सगळं युनिट, लाखो रुपये भाड्याचा कॅमेरा आणि घामाघूम झालेला हीरो, गप्प उभं राहतं. आणि रेकॉर्डिस्टकडे असं बघतं, जणू काही विमान त्यानंच बोलावलं.

शॉट चांगला झाला, सगळे सामान आवरायला लागले, की हाच रेकॉर्डिस्ट पुन्हा ओरडतो, “थांबा! रूम टोन घ्यायचाय.” मग सगळ्यांनी जिथल्या तिथे पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि अर्धा-एक मिनिट माइकनं... शांतता रेकॉर्ड करायची. हो, शांतता! कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. तिच्यात लांबचा रस्ता असतो, भिंतींचा घुमारा असतो, आपल्याला न जाणवणारी बारीक गुणगुण असते. दोन वाक्यांमधला खोकला किंवा खुर्चीची करकर कापून टाकली, तर तिथे कोरं भोक पडतं आणि ते कानाला टोचतं. ते बुजवायला त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लागतं.

आता मात्र चित्र एका यंत्रात, आवाज दुसऱ्या यंत्रात. मग जुळवायचे कसे? त्यासाठी ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी, क्लॅप. दृश्याचा नंबर सांगून तिची फळी ‘टॅक्’ करून आपटतात. चित्रात फळ्या नेमक्या ज्या फ्रेमला, म्हणजे ज्या एका चित्राला, मिटल्या आणि आवाजात ‘टॅक्’ जिथे आला, ते दोन बिंदू जुळवले की पुढचं सगळं आपोआप जुळतं. एक हिशेब करू या. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एका फ्रेमचा वेळ सेकंदाचा २४ वा भाग. ३४३ ला २४ नं भागा : चौदा मीटरच्या आसपास. म्हणजे मोठ्या थिएटरात पडद्यापासून २८ मीटर मागे बसलेल्याला ठोसा दिसल्यावर दोन फ्रेम उशिरा ढिशुम ऐकू येतो. तुमच्या ते लक्षात आलंय कधी? भोळा मेंदू! आणि पडद्यावर नाकासमोर बोलणाऱ्याचा आवाज पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो, तो खरंच तिथूनच येतो. स्पीकर पडद्याच्या मागे असतात. आवाज पुढे यावा म्हणून थिएटरच्या पडद्याला हजारो बारीक भोकं पाडलेली असतात. अगदी जवळ गेल्याशिवाय ती दिसत नाहीत.

सेटवर एवढा जीव तोडून आवाज पकडला, तरी ठोसा आणि पावलं पुन्हा खोलीत का बनवतात? एक कारण आपल्या देशातल्या भाषा. ‘बाहुबली’ तेलुगू आणि तमिळमध्ये झाला. हिंदीत प्रभासच्या तोंडी आपल्या शरद केळकरांचा आवाज आहे. ‘पुष्पा’च्या हिंदी अवतारात अल्लू अर्जुन बोलतो तो श्रेयस तळपदेंच्या आवाजात. आता विचार करा. मूळ संवाद काढून टाकले, की त्याच रेकॉर्डिंगमध्ये अडकलेली पावलं, भांड्यांची आदळआपट, साडीची सळसळ, सगळं संवादांबरोबर जाणार! उरणार नुसतं संगीत आणि हवेत तरंगत चालणारी माणसं. म्हणून संवाद सोडून बाकी प्रत्येक बारीकसारीक आवाज वेगळा बनवून ठेवावा लागतो.

तो बनवणारे म्हणजे फोली आर्टिस्ट. अमेरिकेतल्या जॅक फोली या माणसानं हे काम सुरू केलं, म्हणून हे नाव. त्यांची खोली तुम्हाला फार आवडेल, कारण ती भंगाराच्या दुकानाची सख्खी बहीण असते. जमिनीत वाळूचा खड्डा, खडीचा खड्डा, फरशीचा तुकडा, लाकडी फळी. भिंतीला पन्नास प्रकारचे जोडे. समोर पडद्यावर हिरॉइन जिना उतरतेय आणि इथे एक मिशीवाले काका तिच्या उंच टाचांच्या चपला हातात धरून फळीवर टक् टक् वाजवतायत! घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या दोन करवंट्या. पक्ष्याच्या पंखांसाठी चामड्याचे हातमोजे फडफडवायचे. बर्फातून चालायचं असेल, तर कापडी पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून ते दाबायचं, अगदी बर्फासारखं करकरतं. जुन्या कॅसेटची फीत चुरगाळून ठेवली, की वाळक्या गवतातून कोणीतरी येतंय.

खऱ्या घोड्याचा आवाज का नाही घ्यायचा? घेऊन बघितलाय लोकांनी. खरा घोडा मऊ मातीवर धावला, तर धड ऐकूही येत नाही. शिवाय त्याला पडद्याकडे बघून नेमक्या फ्रेमला पाय टाक म्हणून सांगायचं कोणी?

एवढं सगळं जमवून आपली माणसं जगात नाव काढून आली. प्रभातच्या पुण्यातल्या जुन्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. दामल्यांच्या वेळी नसलेली शाळा, ती ही. तिथे शिकलेल्या रसूल पुकुट्टींना २००९ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनीसाठी, दोन परदेशी सहकाऱ्यांबरोबर, ऑस्कर मिळालं. मुंबईच्या गल्ल्यांमध्ये आवाज पकडायचा होता त्यांना. कावळे, हॉर्न, विमानं, सगळ्यांसकट.

आणि २०२२ मधली ही गोष्ट तर तुम्हाला सांगायलाच हवी. राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये तेव्हा जागेवरच आवाज पकडणाऱ्यांसाठी एक खास पुरस्कार असायचा. नियमच होता, फक्त सिंक साउंडसाठी. त्या वर्षी तो ‘डोळ्ळू’ या कन्नड चित्रपटाला जाहीर झाला. टाळ्या पडल्या आणि लगोलग त्याच चित्रपटाच्या साउंड डिझायनरनं सांगितलं, की अहो, हा सिंक साउंड नाहीच, आम्ही सगळं डबिंग केलंय! पुकुट्टींनीही ते जाहीरपणे बोलून दाखवलं. लोकांनी निवड करणाऱ्यांना भरपूर नावं ठेवली. मला मात्र त्या डबिंगवाल्यांचं कौतुक वाटलं. देशातल्या जाणकारांचे कान चकवायचे, म्हणजे काही खायचं काम नाही. फक्त राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत त्यासाठी वेगळा रकाना नाही.